नेफरतितीचे चरित्र पुराव्यांवरून कसे उभे करावे

इजिप्तच्या अठराव्या राजवंशातील राणी नेफरतिती हिच्याविषयी लिहायला बसणारा माणूस बहुधा बर्लिनमधील रंगीत अर्धपुतळ्यापासून सुरुवात करतो आणि ती एकाएकी नाहीशी झाली, या वाक्यावर येऊन थांबतो. दोन्ही ठिकाणी घाई होते. त्या पुतळ्यावर तिचे नाव कोठेही कोरलेले नाही, आणि ज्या काळात ती नाहीशी झाली असे मानले जात होते त्या काळानंतरचा तिचा उल्लेख आता उपलब्ध आहे. लेख, व्याख्यान किंवा केवळ स्वतःचे कुतूहल यांसाठी ज्यांना तिचे चरित्र नीट समजून घ्यायचे आहे, त्यांनी कामाला कसे लागावे, पुरावे कोणत्या क्रमाने वाचावेत आणि कोठे सावध राहावे, हे येथे सांगितले आहे. तिच्या अखेरीचे गूढ बरेचसे नावांच्या गुंत्यातून जन्मले आहे, असे माझे मत आहे. म्हणून पुढील विवेचनात सर्वाधिक जागा नावांना दिली आहे.

सुरुवातीला एक मोठा कागद घेऊन त्यावर पाच रकाने आखावेत: राज्यवर्ष, वस्तू किंवा लेख, सापडल्याचे ठिकाण, त्यावरील प्रत्यक्ष मजकूर, आणि त्यावरून अभ्यासकांनी काढलेले अनुमान. चौथा आणि पाचवा रकाना एकमेकांत मिसळू द्यायचा नाही, ही या पद्धतीतील एकमेव कडक अट आहे. नेफरतितीसंबंधीच्या बहुतेक चुका पाचव्या रकान्यातील मजकूर चौथ्या रकान्यात सरकल्यामुळे झालेल्या आहेत, आणि त्यांतील एक तर पन्नासएक वर्षे प्रमाण म्हणून चालली.

पहिल्या रकान्यात इसवी सनापूर्वीची वर्षे लिहू नयेत. तिचा पती राजा अखेनातेन याची कारकीर्द साधारणपणे इ. स. पूर्व 1353 ते 1336 अशी दिली जाते, पण वेगवेगळ्या कालगणनांमध्ये हे आकडे पंधरावीस वर्षांनी पुढेमागे होतात. त्याउलट इजिप्शियन लेखनिक राजाच्या कारकिर्दीचे कितवे वर्ष, कोणता ऋतू, त्यातील कितवा महिना आणि कितवा दिवस, असा काटेकोर दिनांक देत असत. त्यांच्या वर्षात पूर, पेरणी आणि सुगी असे चार-चार महिन्यांचे तीन ऋतू होते. दारूच्या रांजणावरील शाईच्या नोंदीपासून डोंगरात कोरलेल्या सीमालेखापर्यंत सर्वत्र हीच पद्धत दिसते, त्यामुळे घटनांचा परस्परक्रम लावायला राज्यवर्ष पुरेसे पडते. अखेनातेनचे सर्वांत उशिराचे ज्ञात वर्ष सतरावे आहे. म्हणजे आपल्या कागदावर एक ते सतरा अशा ओळी असतील आणि त्यांच्याखाली काही जागा मोकळी राहील. खरा वाद त्या मोकळ्या जागेत आहे.

नाव आणि उपाध्या आधी वाचाव्यात

नेफरतिती या नावाचा अर्थ ‘सुंदरी आली आहे’ असा होतो. मराठी वाचकाला येथे एक सोय आहे. मूळ इजिप्शियन नावात विशेषण आणि क्रियापद ही दोन्ही स्त्रीलिंगी रूपात आहेत, आणि आपल्या भाषेतही ‘आला’ व ‘आली’ यांतील फरक क्रियापदावरच उमटतो, त्यामुळे लिंगभेदाच्या खुणा शोधत मजकूर वाचण्याची सवय आपल्याला असतेच. प्राचीन इजिप्शियनमध्ये ही खूण बहुतेक वेळा ‘त’ या ध्वनीची असते. हा एवढासा ‘त’ पुढे फार महत्त्वाचा ठरणार आहे, म्हणून तो आताच लक्षात ठेवावा.

कारकिर्दीच्या पाचव्या वर्षाच्या सुमारास तिच्या नावापुढे ‘नेफरनेफरुआतेन’ हे दुसरे नाव जोडले गेले, आणि दोन्ही मिळून एकाच लंबगोल चौकटीत लिहिली जाऊ लागली. राजघराण्यातील नावे ज्या चौकटीत लिहितात तिला कार्टूश म्हणतात. राणीला साधारणपणे एक कार्टूश असते, तर सत्तेवरील राजाला दोन: एकात राज्यारोहणाच्या वेळी घेतलेले नाव आणि दुसऱ्यात जन्मनाव. एखादी वस्तू समोर आली की तिच्यावरील कार्टूश मोजणे हे पहिले काम आहे, आणि छायाचित्रावरूनही ते सहज करता येते.

उपाध्यांमध्ये काय आहे याइतकेच काय नाही हेही पाहावे. नेफरतिती ही ‘राजाची महापत्नी’ आहे, ‘दोन्ही भूमींची स्वामिनी’ आहे, पण ‘राजाची कन्या’ किंवा ‘राजाची बहीण’ असे तिला एकाही लेखात म्हटलेले नाही. इजिप्शियन दरबारात अशी उपाधी असताना ती गाळण्याचे कारण नव्हते, म्हणून ती अखेनातेनचा पिता राजा तिसरा अमेनहोतेप याची मुलगी नव्हती असा निष्कर्ष बहुतेक अभ्यासक काढतात. तिचे आईवडील कोण हे कोठेही लिहिलेले नाही. मात्र आय नावाच्या बड्या अधिकाऱ्याची पत्नी तेय हिला ‘राजाच्या महापत्नीची दाई’ म्हटलेले आहे, आणि मुतबेनरेत नावाची नेफरतितीची एक बहीणही अमार्ना या अखेनातेनच्या राजधानीतील थडग्यांच्या चित्रांत दिसते. ती मितान्नी देशाहून आलेली राजकन्या होती ही कल्पना लोकप्रिय असली तरी दाई आणि बहीण या दोन नोंदींपुढे ती टिकत नाही. परदेशातून लग्नाच्या वयात आलेल्या मुलीची दाई इजिप्शियन अधिकाऱ्याची पत्नी कशी असेल, हा साधा प्रश्न आहे. आय हाच तिचा पिता होता, हे अनुमान त्यामानाने संभाव्य आहे, तरीही ते पाचव्या रकान्यातच राहील.

दगडांच्या तुकड्यांवरून सत्ता कशी ओळखावी

पहिली चार-पाच वर्षे राजाचे नाव चौथा अमेनहोतेप होते आणि राजधानी थीब्जलाच होती. या काळातील पुरावा म्हणजे थीब्जमधील कर्नाक येथे आतेन या सूर्यबिंब-देवतेसाठी बांधलेल्या देवळांचे छोटे चिरे. त्यांना तलातात म्हणतात. लांबी सुमारे 52 सेंटीमीटर आणि रुंदी त्याच्या निम्मी, म्हणजे एका माणसाने उचलून नेता येईल असा हा दगड होता, आणि त्यामुळेच बांधकाम झपाट्याने झाले. ते पाडणेही तितकेच सोपे गेले. पुढे होरेमहेब राजाने ही देवळे उतरवून त्यांचे चिरे कर्नाकच्याच भव्य प्रवेशद्वारांच्या पोटात भराव म्हणून टाकले, आणि पुसून टाकण्याच्या हेतूने केलेल्या या कामामुळे हजारो चिरे ऊन-वाऱ्यापासून सुरक्षित राहिले. काहींवर रंगही टिकला. 1966 मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पात या चिऱ्यांची छायाचित्रे व नोंदी संगणकाच्या मदतीने जुळवून मूळ भिंती कागदावर पुन्हा उभ्या करण्यात आल्या.

या जुळवणीतून दिसलेली गोष्ट कोणालाच अपेक्षित नव्हती. कर्नाकच्या चिऱ्यांवर राणी राजापेक्षा जास्त वेळा दिसते. हुत-बेनबेन नावाच्या वास्तूतील खांबांवर तर ती थोरली मुलगी मेरितातेन हिला मागे घेऊन एकटीच आतेनला नैवेद्य दाखवते आणि राजा तेथे नाहीच. देवाला थेट अर्पण करणे हे इजिप्तमध्ये राजाचे काम होते. हर्मोपोलिस येथे सापडलेल्या आणि आता बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयात असलेल्या चिऱ्यांवर राजनौकेच्या कक्षावरील एक दृश्य आहे; त्यात नेफरतिती हात उगारून शत्रूचे शिर चिरडताना दाखवली आहे, आणि ही मुद्रा इजिप्शियन राजसत्तेच्या आरंभापासून केवळ राजासाठी राखून ठेवलेली होती. असे दृश्य वाचताना ती प्रत्यक्ष युद्धावर गेली होती असे समजू नये, कारण राजांच्या बाबतीतही ते बहुधा प्रतीकच असे. प्रतीक कोणाला वापरू दिले गेले, हा येथील प्रश्न आहे.

आपला उत्साह आवरण्यासाठी लगेच दुसऱ्या बाजूचा पुरावाही पाहावा. 1887 मध्ये अमार्ना येथे मातीच्या विटांवर क्यूनिफॉर्म लिपीत लिहिलेला राजनैतिक पत्रव्यवहार सापडला. अशा सुमारे 380 विटा आज ज्ञात आहेत. मितान्नीचा राजा तुश्रत्ता याने अखेनातेनची आई तिये हिला थेट पत्र लिहिलेले आहे, मेरितातेनचाही उल्लेख पत्रांत येतो, पण नेफरतितीचे नाव एकाही पत्रात नाही. देवळांच्या भिंतींवर राजाच्या बरोबरीने उभी असलेली ही स्त्री परराष्ट्र व्यवहारात मात्र दिसत नाही, आणि चरित्रात या दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी यायला हव्यात.

पाचव्या वर्षी राजाने अखेनातेन हे नाव घेतले आणि नाईलच्या पूर्व काठावर अखेतातेन, म्हणजे आजचे अमार्ना, ही नवी राजधानी वसवली. शहराच्या सीमेवरील कड्यांमध्ये कोरलेले लेख हा या टप्प्याचा सर्वांत उपयुक्त पुरावा आहे. त्यांत राणीची भरभरून स्तुती आहेच, शिवाय राजा, राणी आणि मेरितातेन यांना पूर्वेकडील डोंगरात पुरावे, आणि त्यांना दुसऱ्या गावी मरण आले तरी देह येथे आणावा, असेही स्पष्ट सांगितले आहे. तिचे थडगे कोठे शोधावे या प्रश्नाचा विचार करताना अनेक जण हा मजकूर विसरतात. मेरितातेन, मेकेतातेन, अंखेसेनपातेन, धाकटी नेफरनेफरुआतेन, नेफरनेफरुरे आणि सेतेपेनरे या सहा मुलींची नावे निश्चित आहेत. तिला मुलगा असल्याचा एकही लेख नाही.

अर्धपुतळ्याकडे कसे पाहावे

6 डिसेंबर 1912 रोजी लुडविग बोरखार्ट यांच्या जर्मन मोहिमेला अमार्नातील एका शिल्पकाराच्या कार्यशाळेत हा पुतळा मिळाला. तेथेच सापडलेल्या एका हस्तिदंती वस्तूवर थुतमोस हे शिल्पकाराचे नाव होते, त्यावरून कार्यशाळा त्याची ठरली. खर्च उचलणारे बर्लिनचे व्यापारी जेम्स सायमन यांनी 1920 मध्ये पुतळा बर्लिनच्या संग्रहालयाला दिला. 1913 च्या जानेवारीत सापडलेल्या वस्तूंची जी वाटणी झाली ती उचित होती की नाही, यावर इजिप्त आणि जर्मनी यांच्यात आजही वाद आहे. तो वाद महत्त्वाचा आहे, पण राणीच्या चरित्रात त्याचे स्थान नाही, म्हणून त्याची वेगळी टिपणी ठेवावी.

पुतळ्याची उंची सुमारे अर्धा मीटर आणि वजन 20 किलो आहे. ओळख पटली ती वरून सपाट असलेल्या उंच निळ्या मुकुटामुळे, कारण तसा मुकुट नाव कोरलेल्या इतर चित्रांत फक्त तीच घालते. 2006 मध्ये घेतलेल्या आणि 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सीटी स्कॅनमध्ये गिलाव्याच्या आत चुनखडीत कोरलेला आणखी एक चेहरा दिसला; त्याच्या ओठांच्या कडेला सुरकुत्या आहेत आणि नाकावर किंचित उंचवटा आहे, जो बाहेरच्या थरात गुळगुळीत करण्यात आला. आतला चेहरा खरा आणि बाहेरचा खोटा, असे लगेच म्हणू नये. शिल्पकाराने दोन टप्प्यांत काम केले, एवढेच त्यातून सिद्ध होते. पुतळा बहुधा कार्यशाळेत नमुना म्हणून ठेवलेला होता, आणि डाव्या डोळ्यात स्फटिक बसवलेला नसणे हे त्याच्याशी सुसंगत आहे. त्या रिकाम्या डोळ्यावरून राणीला नेत्ररोग होता असे सांगणाऱ्यांनी तिची इतर चित्रे पाहिलेली नसतात.

चरित्रकाराला अर्धपुतळ्यापेक्षा त्याच कार्यशाळेतील एक छोटी उभी मूर्ती अधिक उपयोगी आहे. तिच्यात नेफरतिती वय झालेली, पोट किंचित सुटलेली, गाल उतरलेली स्त्री आहे. अमार्नाच्या कलेत चेहरे नेमके कितपत खरे असत यावर मतभेद आहेत, तरीही राणी तरुणपणीच मरण पावली ही समजूत या मूर्तीपुढे डळमळते.

एक चूक पन्नास वर्षे कशी टिकली

बाराव्या वर्षाच्या पेरणीच्या ऋतूतील दुसऱ्या महिन्याच्या आठव्या दिवशी अमार्नात परदेशी नजराण्यांचा मोठा समारंभ झाला. दुसरा मेरीरे या अधिकाऱ्याच्या थडग्यात राजा आणि राणी शेजारी-शेजारी बसले आहेत, इतके जवळ की राणीच्या आकृतीची फक्त कडा दिसते, आणि मागे सहाही मुली आहेत. सगळे कुटुंब एकत्र दिसण्याचा हा शेवटचा निश्चित दिनांक. त्यानंतर मेकेतातेन वारली. अमार्नाच्या राजथडग्यातील एका दालनात आईवडील तिच्यासाठी शोक करताना कोरलेले आहेत. पुढे नेफरतितीच्या दिनांकित नोंदी विरळ होतात. एवढ्यावरून ती बाराव्या किंवा चौदाव्या वर्षाच्या सुमारास वारली असावी असे म्हणणारा एक पक्ष होता. दुसरा पक्ष अधिक नाट्यमय होता: ती राजाच्या मनातून उतरली आणि तिला वाड्याबाहेर काढले गेले.

या दुसऱ्या मताला आधार होता तो अमार्नाच्या दक्षिणेकडील मरू-आतेन या उद्यान-वास्तूचा. तेथे 1920 च्या दशकात झालेल्या उत्खननात असे दिसले की, एका राजस्त्रीचे नाव खोडून त्यावर मेरितातेनचे नाव कोरलेले आहे. खोडलेले नाव नेफरतितीचेच असणार असे गृहीत धरले गेले, आणि पदभ्रष्ट राणीची करुण कथा तयार झाली. पुढे अखेनातेनची किया नावाची आणखी एक पत्नी होती हे स्पष्ट झाले, खोडलेली अक्षरे पुन्हा बारकाईने वाचली गेली, आणि ती नावे व उपाध्या कियाच्या होत्या असे ठरले. पदच्युती झालीच असेल तर ती कियाची. नेफरतितीविरुद्धचा पुरावा त्या दिवशी शून्यावर आला, पण कथा लोकप्रिय लेखनात अजून फिरते आहे. आपल्या हातातील एखाद्या लेखात ‘मर्जीतून उतरलेली राणी’ हे शब्द दिसले, तर त्या लेखकाची माहिती कोणत्या काळातील आहे हे लगेच कळते. जुनी पुस्तके चाळताना मी तर ही कसोटी सर्वांत आधी लावतो.

2012 मध्ये जाहीर झालेल्या एका लेखाने उरलेल्या शंकाही दूर केल्या. अमार्नाच्या उत्तरेला दैर अबू हिन्निस येथे चुनखडीची खाण आहे. तिच्या भिंतीवर शाईने लिहिलेल्या बांधकामाच्या नोंदीत सोळावे वर्ष, पुराच्या ऋतूचा तिसरा महिना, पंधरावा दिवस असा दिनांक असून राजा अखेनातेन आणि राजाची महापत्नी नेफरनेफरुआतेन नेफरतिती यांची नावे आहेत. राजाच्या मृत्यूला तेव्हा जेमतेम वर्षभर उरले होते, आणि ती आपल्या पूर्वीच्याच पदावर होती. ज्या जुन्या मांडणीत तिचा मृत्यू किंवा तिची हकालपट्टी याआधी येते ती या एका ओळीने रद्द होते. खाणीतील मजुरांवर देखरेख करणाऱ्या कारकुनाने हे सहज लिहून ठेवले होते; त्यात कोणाची स्तुती करायची नव्हती की काही लपवायचे नव्हते, म्हणून त्याचे मोल अधिक.

सतराव्या वर्षाखालची मोकळी जागा

आता कागदाच्या तळाशी यावे. अखेनातेन आणि तुतनखामेन यांच्या दरम्यान दोन नावे येतात आणि दोन्हींचे राज्यारोहण-नाव जवळपास सारखे आहे: अंखखेपेरुरे. एक जण स्मेन्खकरे म्हणवतो, आणि दुसऱ्या मेरीरेच्या थडग्यात मेरितातेन त्याची महापत्नी म्हणून दिसते. दुसरे नाव नेफरनेफरुआतेन. हे नाव दोन कार्टूशसह, म्हणजे राजाच्या थाटात येते, आणि येथे तो ‘त’ कामाला येतो: काही वस्तूंवर राज्यारोहण-नाव ‘अंखेतखेपेरुरे’ असे स्त्रीलिंगी रूपात लिहिलेले आहे. शिवाय एका उपाधीचे वाचन ‘आपल्या पतीला हितकारक’ असे केले गेले. म्हणजे नेफरनेफरुआतेन हा सत्ताधीश पुरुष नव्हता. एक स्त्री राजा म्हणून गादीवर बसली होती. ‘त’ पुष्कळदा लिहिलाच जात नसे, त्यामुळे त्याचा अभाव काही सिद्ध करत नाही. त्याची उपस्थिती मात्र निर्णायक आहे. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकातील इजिप्शियन पुरोहित मानेथो याच्या, आणि ज्यू इतिहासकार जोसिफसने उतरवून ठेवलेल्या राजयादीतही या काळात एका राजकन्येने राज्य केल्याची आठवण आहे, आणि ती अगदीच निराधार नव्हती असे म्हणायला हरकत नाही.

ही स्त्री कोण? येथे उमेदवार एकेक करून तपासावेत. मेरितातेन हे सोपे उत्तर वाटते, पण तुतनखामेनच्या थडग्यातून निघालेल्या एका पेटीवर अखेनातेन, राजा नेफरनेफरुआतेन आणि महापत्नी मेरितातेन ही तिन्ही नावे एकत्र आहेत. एकाच पेटीवर एकच व्यक्ती दोन भूमिकांत येणे अवघड, म्हणून ती बाद होण्याच्या मार्गावर आहे. चौथी मुलगी नेफरनेफरुआतेन हिचे नाव जुळते, मात्र ती तेव्हा लहान होती आणि मोठ्या बहिणी मागे असताना तिलाच का निवडले जावे, हे समजत नाही. नेफरतितीचे नाव जुळते, वय जुळते, पतीला हितकारक ही उपाधी तिलाच सहज लागू पडते, आणि राजाच्या खास मुद्रा तिला कित्येक वर्षे आधीपासून दिल्या गेल्या होत्या. तिने राजपद घेतले असावे हा विचार 1970 च्या दशकात जोरकसपणे मांडला गेला, आणि मला आजच्या पुराव्यांवर तोच सर्वांत सरळ वाटतो. तरीही सोळाव्या वर्षीची महापत्नी आणि नंतरची राजा यांना जोडणारा, दोन्ही पदांचा एकत्र उल्लेख असलेला लेख उपलब्ध नाही. म्हणून हे उत्तर पाचव्या रकान्यात, पण ठळक अक्षरांत लिहावे.

विरुद्ध बाजूचा पुरावाही मांडला पाहिजे. महापत्नी नेफरतिती असा मजकूर असलेल्या उशब्तीचे, म्हणजे मृतासोबत ठेवायच्या मूर्तीचे, दोन तुकडे पॅरिसच्या लूव्र आणि न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन संग्रहालयात आहेत. ती राजा म्हणून मेली असेल तर तिच्या मूर्तीवर राणीची उपाधी कशी, असा आक्षेप यावरून घेतला जातो. त्यावर असे उत्तर दिले जाते की अशा मूर्ती मृत्यूपूर्वीच तयार होत, किंवा ही मूर्ती कुटुंबातील दुसऱ्या कोणाच्या दफनात ठेवण्यासाठी दिलेली असेल. आक्षेप निकालात निघत नाही, इतके मान्य करून पुढे जावे.

या राजाचा थीब्जमधील मागोवाही नोंदवण्याजोगा आहे. पाइरी नावाच्या माणसाच्या थडग्यात पावाह या लेखनिकाची नेफरनेफरुआतेनच्या तिसऱ्या वर्षातील एक प्रार्थना लिहिलेली आहे, आणि ती आमेन देवाला उद्देशून आहे. ज्या देवाचे नाव अखेनातेनच्या माणसांनी देशभर छिन्नीने खोडले होते, त्याच्या सेवेत हा लेखनिक याच राजाच्या थीब्जमधील देवालयात काम करत होता. जुन्या धर्माकडे परत जाण्याची सुरुवात तुतनखामेनने नव्हे, तर त्याच्या आधीच्या या स्त्रीने केली असावी. ती नेफरतिती असेल तर आतेनच्या वेदीवर वर्षानुवर्षे उभी राहिलेल्या बाईनेच परतीचा रस्ता आखला, आणि तिच्या चरित्राचा उत्तरार्ध पूर्वार्धाइतकाच राजकीय ठरतो. पुढे तिची स्वतःची दफनसामग्री तिला लाभली नाही असे दिसते: तुतनखामेनचे आंतरावयव ज्या छोट्या सोन्याच्या शवपेट्यांत ठेवले होते त्यांवरील मूळ नाव नेफरनेफरुआतेनचे होते आणि ते बदलून त्याचे नाव घालण्यात आले.

एका विधवा राणीने हित्ती राजा शुप्पिलुलिउमा याच्याकडे लग्नासाठी मुलगा मागितल्याची हकिकत हत्तुशा या हित्ती राजधानीच्या दप्तरात आहे, आणि ती राणी नेफरतिती होती असे काही जण म्हणतात. हित्ती मजकुरात मृत राजाचे नाव निबखुरुरिया असे येते, ते तुतनखामेनच्या नेबखेपेरुरे या नावाशी अधिक जुळते; त्यामुळे पत्र पाठवणारी बहुधा तिची मुलगी अंखेसेनामेन, म्हणजे पूर्वीची अंखेसेनपातेन, असावी. या प्रकरणात यापेक्षा जास्त वेळ घालवू नये.

ममी सापडल्याची बातमी आली तर काय विचारावे

अशी बातमी दर काही वर्षांनी येते. तेव्हा तीन प्रश्न क्रमाने विचारावेत. देहाजवळ नेफरतितीच्या नावाची वस्तू होती का? देहाची नातेसंबंधांची चाचणी झाली असेल तर ती तिच्या उपाध्यांशी जुळते का? आणि दावा दुसऱ्या गटाने तपासला आहे का?

1898 मध्ये व्हिक्टर लोरे यांनी उघडलेल्या, थीब्जजवळच्या राजांच्या दरीतील थडगे क्रमांक 35 मधील ‘तरुण स्त्री’ या ममीवर हे प्रश्न लावून पाहता येतील. 2003 मध्ये जोअन फ्लेचर यांनी ती नेफरतिती असल्याचा दावा केला. आधार होता मुंडन केलेले डोके, टोचलेले कान आणि जवळ सापडलेला केसांचा टोप. नाव कोठेच नव्हते, म्हणजे पहिल्याच प्रश्नावर दावा अडखळतो. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए अभ्यासात ही स्त्री तुतनखामेनची आई आणि थडगे क्रमांक 55 मधील पुरुषाची सख्खी बहीण, म्हणजे तिसरा अमेनहोतेप आणि तिये यांची मुलगी, असल्याचे सांगण्यात आले. राजाची कन्या ही उपाधी नेफरतितीला कधीच लावलेली नाही, हे आपण आधी नोंदवले आहे. ती नोंद येथे उपयोगी पडते. पिढ्यान्‌पिढ्या चुलत-आते-मामे भावंडांची लग्ने झालेल्या घराण्यात असे जनुकीय साम्य दुसऱ्या मार्गानेही येऊ शकते, असा युक्तिवाद काही अभ्यासकांनी केला आहे, त्यामुळे दार पूर्ण बंद झालेले नाही. पण ओळख पटली असे लिहिता येत नाही.

दुसरे उदाहरण थडगे क्रमांक 62, म्हणजे तुतनखामेनचे. 2015 मध्ये निकोलस रीव्ह्ज यांनी भिंतींच्या अतिसूक्ष्म स्कॅनवरून असे मांडले की, चित्रांच्या मागे बुजवलेल्या वाटा आहेत आणि आत नेफरतितीचे मूळ दफन असावे. त्याच वर्षीच्या पहिल्या रडार पाहणीने पोकळ्या असल्याचे सांगितले, 2016 च्या दुसरीला त्या दिसल्या नाहीत, आणि 2018 मध्ये तुरिनच्या तंत्रविद्यापीठाच्या गटाने थडग्याला लागून कोणतीही दालने नसल्याचा निष्कर्ष दिला. या प्रकरणात दोष कोणाला देण्याचे कारण नाही. गृहीतक मांडले गेले, तपासले गेले, आणि तिसरा प्रश्न का विचारायचा हे दिसले.

कागद भरून झाला की सोळाव्या वर्षाच्या ओळीत दैर अबू हिन्निसची नोंद ‘शेवटचा निश्चित उल्लेख’ म्हणून अधोरेखित करावी. त्याखाली नेफरनेफरुआतेनसाठी वेगळा भाग करावा, त्यात पेटी, शवपेट्या आणि पावाहचा लेख हे तिन्ही घ्यावेत, आणि दोन्ही भागांमध्ये तुटक रेघ ओढावी. दोन्ही पदे एकत्र नोंदवणारा लेख पुढे कधी मिळाला, तर ती रेघ सलग करून घ्यावी.